ज्याची जशी चाल, तशी त्याची वाट

व्याकरणाचा अभ्यास ज्यांनीं जुन्या पद्धतीनें केला आहे त्यांस ठाऊक असेल कीं, पाठशाळेंत आलेल्या मुलाच्या हातीं कोणी एकदम महाभाष्य देत नसे. आधीं लघुकौमुदी, ती मुखोद्गत झाल्यावर सिद्धान्तकौमुदी, आणि बुद्धि पक्व झाल्यावर भाष्य, असा क्रम ठरलेला असे. त्यांत लहानाचा अपमान नव्हता किंवा मोठ्याचा गौरवही नव्हता. ज्या ग्रंथाचा जो अधिकारी, त्यानें तो उघडावा, एवढाच त्याचा अर्थ. ‘अधिकारी’ या शब्दाचा आपल्या शास्त्रांतील अर्थ हुकूम चालविणारा असा नसून, त्या विषयापुरती तयारी झालेला, असा आहे. हाच विचार समुद्रकांठच्या पायवाटांस लावला पाहिजे, असें आम्हांस फार दिवसांपासून वाटत आलें आहे.

दिवाळीची किंवा नाताळची सुटी लागली कीं, पुण्यामुंबईचीं कुटुंबें कोंकणांत उतरूं लागतात. राहावें कोठें, मोदक कोठें चांगले मिळतात, समुद्र दिसेल अशी खोली कोणाकडे आहे, याची चौकशी महिना महिना आधीं होते. परंतु समुद्रावर गेल्यावर कोणीं किती चालावें, कोणत्या वाटेनें चालावें आणि केव्हां परतावें, हा प्रश्न घरांतून निघतांना कोणी विचारीत नाहीं. याचा परिणाम दोन प्रकारचा दिसतो. घरांतील वृद्ध मंडळी ‘तुम्ही जा, आम्ही येथेंच बसतों’ असें म्हणून मोटारींत किंवा खानावळीच्या ओट्यावर तीन तीन तास बसून राहतात; कित्येक वर्षांनीं कोंकण पाहावयास आलेल्या आजीस समुद्र दिसतो तो मोटारीच्या कांचेंतून. दुसरा परिणाम याहून भयंकर आहे. आपल्या शक्तीचा व पाण्याच्या वेळेचा अंदाज नसलेलीं माणसें नको त्या खडकावर जाऊन उभीं राहतात, आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत चार ओळींची बातमी येते. कोंकणच्या किनाऱ्यावर पर्यटक बुडाल्याचें वृत्त वाचावें लागलें नाहीं, असें वर्ष आठवत नाहीं.

या दोन्ही गोष्टी टाळतां येण्याजोग्या आहेत. त्यासाठीं चालणाऱ्याची शक्ति, पायांखालची भूमि आणि समुद्राची वेळ, या तिहींचा मेळ घरीं बसूनच घालावा लागतो. प्रथम शक्तीचा विचार करूं.

शक्तीची पारख

वडील माणसास ‘बाबा, जमेल ना?’ असें विचारणें म्हणजे उत्तर आपणच सांगून ठेवण्यासारखें आहे. ‘न जमायला काय झालें?’ हेंच उत्तर येणार. गुडघा दुखतो हें बोलून दाखविणें पुष्कळांस कमीपणाचें वाटतें. आणि आपल्यामुळें मुलांचा बेत फसेल, ही भीति त्याहूनही मोठी असते. म्हणून प्रश्नच बदलावा. या आठवड्यांत एका दमांत अधिकांत अधिक किती वेळ चाललांत? जिना चढतांना मध्यें थांबावें लागतें काय? उतरतांना कठडा धरावा लागतो काय? या तीन प्रश्नांचीं उत्तरें खरीं मिळतात, कारण त्यांत अभिमानाचा संबंध येत नाहीं. चढणें हें छातीचें काम आहे, उतरणें हें गुडघ्याचें. म्हणून तिसरा प्रश्न दुसऱ्याइतकाच महत्त्वाचा मानावा. चढून गेलेला मनुष्य उतरतांना अडकून बसला, असें अनेकदां घडतें.

वाटेंत चालतांना शक्तीची परीक्षा करण्याची एक सोपी खूण आहे. चालतां चालतां पूर्ण वाक्यें बोलतां येत असतील तर गति योग्य आहे. वाक्य तुटूं लागलें, दोन शब्दांमध्यें श्वास घ्यावा लागला, कीं गति कमी करावी. यास घड्याळ किंवा यंत्र लागत नाहीं. शेजारीं बोलणारें माणूस असलें म्हणजे पुरे.

घोळक्याची गति ती त्यांतील सर्वांत मागच्या माणसाची गति, हें तत्त्व सर्वांस मान्य असतें. आचरणांत मात्र उलटच होतें. शाळेच्या सहलींत आम्हीं हें वर्षानुवर्षें पाहिलें आहे. धट्टींकट्टीं मुलें पुढें जातात, एखाद्या झाडाखालीं बसतात, मागचीं येईपर्यंत पाणी पितात, गप्पा मारतात; आणि मागचा मुलगा धापा टाकीत तेथें पोंचला कीं, ‘चला, आला एकदांचा’ असें म्हणून उठतात. म्हणजे ज्यांस विसांव्याची गरज नाहीं त्यांस तो मिळतो आणि ज्यास खरी गरज आहे त्यास मुळींच मिळत नाहीं. यावर उपाय एकच: शेवटचें माणूस आल्यावर विसांव्याची वेळ मोजण्यास आरंभ करावा, आणि निघतांना त्यासच पुढें घालावें.

येथें घरांतील गृहिणीविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. ‘तिला चालवत नाहीं’ असें ज्या बाईविषयीं म्हटलें जातें, तिच्या खांद्यावर फराळाच्या डब्यांची पिशवी असते, एका हातांत लहान मूल असतें, आणि पहाटे सर्वांच्या आधीं उठून तिनें सगळ्यांची तयारी करून दिलेली असते. ओझें यजमानांनीं घ्यावें, मूल काकांनीं सांभाळावें, आणि मग कोण किती चालतें तें पाहावें. मुलांच्या बाबतींत ध्यानांत ठेवण्यासारखें एवढेंच कीं, त्यांची शक्ति धांवण्याची असते, टिकण्याची नसते. सहासात वर्षांचा मुलगा वाळूवर तासभर बागडेल. परंतु त्यानंतर एका क्षणांत बसकण मारील आणि त्यास उचलून आणण्याची पाळी येईल.

पायांखालची भूमि

सन १८९२ मध्यें नेस्मिथ नांवाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकानें चालण्याच्या वेळेचें एक गणित मांडलें, तें अद्यापि सर्वत्र आधारास घेतलें जातें. दर तीन मैलांस एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांस आणखी एक तास. आजच्या मापांत, पांच किलोमीटरांस एक तास व सहाशें मीटर चढास एक तास. हें गणित सराव असलेल्या तरुणाचें आहे. कुटुंब बरोबर असतां त्याची दीडपट ते दुप्पट धरावी.

परंतु नेस्मिथच्या गणितांत वाळू नाहीं, आणि कोंकणांत तीच मुख्य आहे. सन १९९८ मध्यें बेल्जममधील संशोधकांनीं प्रयोग करून असें दाखविलें कीं, सैल वाळूवर चालण्यास कठीण भूमीवर चालण्याच्या दुपटीहून अधिक शक्ति खर्च होते. पाऊल रुततें, मागें घसरतें, आणि केलेल्या श्रमाचा बराच भाग वाळू हलविण्यांतच जातो. म्हणून पुळणीवर चालावयाचें तें ओहोटीनें नुकत्याच मोकळ्या केलेल्या ओल्या, घट्ट पट्ट्यावरून. सुरूच्या बनाजवळच्या कोरड्या वाळूंतून किलोमीटरभर चालणें आणि ओल्या वाळूवरून दोन किलोमीटर चालणें, यांत श्रम सारखेच समजावे.

आणखी एक बारीक गोष्ट. पुळण समुद्राकडे उतरती असते. एकाच दिशेनें फार वेळ चाललें तर एक पाय सतत वर व दुसरा खालीं पडतो, आणि कंबर किंवा गुडघा भरून येतो. पाण्याजवळचा पट्टा त्यांतल्या त्यांत सपाट असतो; शिवाय गेलेल्या वाटेनेंच परत यावें, म्हणजे दोन्ही पायांस सारखाच भार पडतो.

वाळूनंतर कातळ. किनाऱ्यावरच्या खडकांस शेवाळ असतें व कालवें चिकटलेलीं असतात. शेवाळावरून पाय सरतो आणि कालवांनीं तळवा सुरीनें कापावा तसा कापतो. वाळूवर अनवाणी चालण्यास हरकत नाहीं. खडकावर पायांत घट्ट बसणारें पायताण हवेंच. ज्यांस मधुमेह आहे त्यांनीं वाळूवरही अनवाणी चालूं नये, कारण झालेली जखम त्यांस कित्येकदां कळतच नाहीं आणि ती भरूनही लौकर येत नाहीं.

तिसरी भूमि पाखाडीची. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची, दोन्ही बाजूंस गडग्याची, वर आंबा-फणसाची सावली असलेली ही वाट म्हणजे कोंकणी माणसाच्या बुद्धीचा एक उत्तम नमुना आहे. चढ असला तरी पायऱ्यांमुळें तो सुसह्य होतो. मात्र पावसाळ्यांत तिच्यावर शेवाळ धरतें, तेव्हां तीच पाखाडी पुळणीहून दसपट धोक्याची होते. चौथी भूमि सड्याची: वर उघडा कातळ, सावली नाहीं, पाणी नाहीं. उन्हाळ्यांत सकाळीं दहानंतर त्या कातळावर चालणें म्हणजे तव्यावर चालणें होय.

भरतीचें गणित

आम्ही ज्या पिढींत शिकलों, तींत मुलांस पाऊणकी पाठ असे. तिचा समुद्रावर होणारा उपयोग ज्यांस ठाऊक नसेल त्यांनीं पुढील मजकूर लक्षपूर्वक वाचावा.

तिथीचा अंक घ्यावा व त्याची पाऊणपट करावी. जो अंक येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती समजावी. चतुर्थीस चार पाऊणे तीन. म्हणून पहाटे तीन वाजतां व दुपारीं तीनच्या सुमारास पूर्ण भरती. तेथून सुमारें सव्वासहा तासांनीं, म्हणजे सकाळीं सव्वानऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीस आठ पाऊणे सहा. सकाळ-संध्याकाळीं भरती व मध्यान्हीं ओहोटी. पौर्णिमेस किंवा अमावास्येस भरती बाराच्या आसपास, आणि ओहोटी सकाळीं व संध्याकाळीं. शुक्ल व कृष्ण या दोन्ही पक्षांस हीच रीत लागू पडते. याचें कारण असें कीं, दोन भरतींमध्यें सुमारें १२ तास २५ मिनिटांचें अंतर असतें, आणि चंद्राबरोबर भरतीही रोज सुमारें पाऊण तासानें पुढें सरकते. हें मान स्थूल आहे व तें मुंबईच्या आसपासचें आहे. दक्षिणेकडे रत्नागिरी-मालवणास भरती कांहींशी आधीं येते. म्हणून बेत आंखण्यास पाऊणकी वापरावी, आणि प्रत्यक्ष निघतांना भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकांतील वेळ पाहावी किंवा गांवांतील कोळ्यास विचारावें.

वेळेप्रमाणें पाण्याच्या उंचीचाही विचार हवा. पौर्णिमा-अमावास्येस व त्यानंतर एकदोन दिवस उधाण असतें. तेव्हां भरती फार वर चढते आणि ओहोटीही फार मागें जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हां पाणी फारसें चढतही नाहीं व फारसें उतरतही नाहीं. ज्या ठिकाणीं समुद्र ओसरल्यावरच वाट उघडते, तेथें भांगाच्या दिवशीं वाट पुरती उघडतच नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ओहोटीपासून भरतीपर्यंत पाणी एकाच गतीनें चढत नाहीं. एकंदर चढाचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासांत एक भाग चढतो, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत तीन, चौथ्यांत तीन, पांचव्यांत दोन आणि सहाव्यांत एक. म्हणजे पहिल्या तासांत पाणी जवळ जवळ स्थिर भासतें आणि मनुष्य निर्धास्त होतो. पुढें तिसऱ्या व चौथ्या या दोन तासांत अर्धा समुद्र अंगावर येतो. किनाऱ्यावरील पुष्कळ अपघातांचें मूळ या पहिल्या तासाच्या शांततेंत आहे. आमच्या परिचयाचें एक कुटुंब ओहोटीच्या वेळीं एका सागरी किल्ल्यांत गेलें. आंत फराळ केला, मुलें खेळलीं, पाणी दूरच दिसत होतें. डबे बांधून दरवाज्याशीं येऊन पाहतात तों वाळूचा पट्टा नाहींसा झालेला. एका होडीवाल्यास दया आली म्हणून तिन्हीसांजेस तीं माणसें तीरास लागलीं. तोंपर्यंत तान्ह्या मुलाचें दूध संपून तीन तास झाले होते. किल्ल्यांत जाणाऱ्यानें पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधीं निघावें आणि पूर्ण ओहोटी झाल्यावर अर्ध्या तासाच्या आंत परतीस लागावें, हा नियम कधींही मोडूं नये.

पहिली इयत्ता

एका दमांत अर्धा तास सपाटीवर चालूं शकणारे वृद्ध, लहान मुलें, आजारांतून नुकतेच उठलेले, या सर्वांचा अधिकार पहिल्या इयत्तेच्या वाटांवर आहे. या वाटेचें लक्षण असें: भूमि सपाट, भरतीनें अडकण्याचें भय नाहीं, आणि कोठूनही दहा मिनिटांत गांवांत शिरतां येतें. शेवटचें लक्षण मुख्य समजावें. चालवेनासें झालें तर बाहेर पडण्याची सोय ज्या वाटेवर जागोजाग आहे, ती वाट कितीही लांब असली तरी सोपी.

या दृष्टीनें गुहागरच्या पुळणीची बरोबरी करणारी जागा क्वचितच सांपडेल. सुमारें सहा किलोमीटर लांबीची ही पुळण जवळ जवळ सरळ रेषेंत आहे. मागें सुरूची झाडें, त्यांच्या मागें नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि वाड्यांस लागून वरचा पाट व खालचा पाट असें लांबोळकें गांव. ज्यास किलोमीटरभर चालावयाचें आहे त्यानें तेवढें चालावें आणि एखाद्या वाडींतील बोळांतून व्याडेश्वराच्या देवळाकडे वळावें. ज्यास सहाही चालावयाचे आहेत त्यानें ते चालावे. ज्या घराण्यांचें कुलदैवत व्याडेश्वर आहे, त्यांस तर दर्शन व चालणें हीं दोन्हीं एकाच फेरींत साधतात.

दापोलीजवळील मुरुड-कर्दे, श्रीवर्धनच्या बाजूचें दिवेआगर, रत्नागिरीजवळची भाट्याची सुरूची पुळण, याही वाटा याच वर्गांतील. अलिबागच्या दक्षिणेस आक्षी व नागांव येथें चालणाऱ्यास एक वेगळा लाभ होतो. आक्षी गांवांत शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जाणारा शिलालेख आहे. मराठी भाषेच्या आद्य शिलालेखांत त्याची गणना होते. शाळकरी मुलांस नुसतें ‘चाला’ म्हटलें तर तीं कुरकुर करतात. ‘आपल्या भाषेचें हजार वर्षांपूर्वींचें अक्षर पाहावयास चाला’ म्हटलें कीं तींच पुढें धांवतात. गणपतिपुळ्याच्या डोंगराची प्रदक्षिणाही पहिल्या इयत्तेंतच बसते. वाट बांधलेली व सुमारें एक किलोमीटरची आहे. मात्र त्या गांवच्या समुद्रांत स्नानास उतरणें धोक्याचें आहे. तेथें पायांनीं प्रदक्षिणा व डोळ्यांनीं समुद्र, एवढ्यावर समाधान मानावें.

दुसरी इयत्ता

जे दोन तास चालूं शकतात, तीन मजले न थांबतां चढतात आणि कठडा न धरतां उतरतात, त्यांनीं दुसऱ्या इयत्तेंत यावें. येथें चढ असतो, खडक असतो, किंवा भरतीची अट असते. परंतु या तिन्ही अडचणी एकदम येत नाहींत.

अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. सन १६८० मध्यें शिवछत्रपतींनीं याच्या बांधकामास हात घातला. ओहोटीच्या वेळीं पुळणीवरून चालत आंत जातां येतें. आंत गणपतीचें देऊळ आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे. वाट सपाट आहे. पायांस त्रास म्हणावा असा नाहीं. तरीही आम्ही तिला दुसऱ्या इयत्तेंत घालतों, तें पायांसाठीं नव्हे, घड्याळासाठीं. वरील गणितावरून दिसेल कीं, तृतीया ते पंचमी या तिथींस ओहोटी सकाळीं साडेआठ ते दहाच्या दरम्यान येते आणि उधाणाचा जोरही बराचसा शिल्लक असतो. म्हणून वाट चांगली मोकळी होते. कुटुंबास हेच दिवस सोयीचे.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ही या इयत्तेंतील सर्वांत सुंदर व सर्वांत फसवी वाट. देवळामागून चढून, दोन कड्यांमधील पायऱ्यांनीं खालीं उतरलें कीं समुद्राच्या कांठचा कातळ लागतो. लाटा व खारा वारा यांनीं त्या खडकास मधाच्या पोळ्यासारखीं छिद्रें पाडलीं आहेत. भूगोलाच्या शिक्षकानें वर्षभर सांगावें तें येथें एका दृष्टिक्षेपांत समजतें. परंतु ही वाट केवळ ओहोटीची आहे. पाणी चढूं लागलें म्हणजे लाट थेट वाटेवर येते, आणि तेथून माणसें ओढलीं गेल्याचे प्रसंग घडलेले आहेत. पुजारी किंवा रखवालदार ‘आज जाऊं नका’ म्हणाला तर पुण्य पदरांत पडलें असें समजून देवळांतच नमस्कार करावा. प्रदक्षिणा अपुरी राहिली म्हणून देव रागावत नाहीं.

गणपतिपुळ्याहून मालगुंडास चालत जाणें हाही एक उत्तम मार्ग. अंतर थोडें आहे, आणि वाटेच्या शेवटीं केशवसुतांचें जन्मस्थान आहे. तेथील स्मारक १९९४ मध्यें कुसुमाग्रजांच्या हस्तें खुलें झालें.

तिसरी इयत्ता

येथें पूर्ण दिवस चालण्याची तयारी हवी, आणि बरोबर वाट जाणणारें माणूस हवें. या वाटेचें लक्षण पहिलीच्या अगदीं उलट: मध्यें बाहेर पडण्यास जागा नाहीं. आरंभ केला कीं शेवट गांठलाच पाहिजे, म्हणून आरंभींच विचार करावा.

शिरोड्याहून आरवली, मोचेमाड करीत वेंगुर्ल्यास किनाऱ्याकिनाऱ्यानें जाणें हा या जातीचा प्रवास आहे. पुळण संपते, डोंगराचें नाक समुद्रांत घुसतें, त्यावर चढून पलीकडे उतरावें कीं पुन्हां पुळण. ज्या शिरोड्यास १९३० मध्यें मिठाचा सत्याग्रह झाला आणि जेथील शाळेंत वि. स. खांडेकरांनीं अनेक वर्षें अध्यापन केलें, तेथून पहाटे निघण्यांत एक निराळें समाधान आहे. परंतु मोचेमाडची खाडी मुखाशीं पायीं ओलांडण्याचें साहस कोणीं करूं नये. खाडीच्या मुखाशीं पाणी गुडघाभर दिसतें, आणि तळची वाळू ओहोटीच्या ओढीनें पायांखालून निघून जाते. पूल आहे, तासभर अधिक लागला तरी पुलावरूनच जावें. बाणकोट, दाभोळ, जयगड या मोठ्या खाड्यांवरही फेरीबोटी असतांना इतर मार्ग शोधण्याचें कारण नाहीं.

राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर बारसू, देवाचें गोठणें, कशेळी वगैरे ठिकाणीं प्राचीन कातळशिल्पें आहेत. २०२२ मध्यें कोंकणांतील अशा स्थळांचा जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत समावेश झाला. तीं पाहण्यास सडा तुडवावा लागतो. या भागांत फुरसें पुष्कळ. दगडाखालीं हात घालूं नये, बसण्यापूर्वीं जागा पाहावी, आणि दंश झालाच तर बांधाबांध किंवा कापाकापी न करतां रोग्यास हलूं न देतां तात्काळ रुग्णालयांत न्यावें. कड्याच्या टोकाशीं उभें राहून चित्रें काढण्याची हौस तर निषिद्धच मानावी. जांभ्याच्या कड्याचें पोट लाटांनीं कित्येकदां पोखरलेलें असतें आणि वरून तें दिसत नाहीं.

गोकर्णाची गोष्ट थोडी वेगळी आहे. महाबळेश्वराच्या दर्शनास आपल्याकडील पुष्कळ मंडळी तेथें जातात. गांवाच्या दक्षिणेस कुडले, ओम् अशा एकामागून एक लहान पुळणी असून त्यांस जोडणारी डोंगरकडेची वाट आहे. लांबी फार नाहीं. ओम् पुळणीच्या पुढें मात्र वाट अरुंद होते आणि एका बाजूस कडा असतो. म्हणून कुडलेपर्यंत दुसरी इयत्ता आणि ओम् च्या पुढें तिसरी, असा भेद करावा. इयत्ता अंतरावरून ठरत नाहीं, पाऊल चुकल्यास काय होईल यावरून ठरते, हें या एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

एक देऊळ, दोन वाटा

वाचक म्हणतील, आमच्या घरांत तिन्ही इयत्तांचीं माणसें आहेत. मग काय तीन ठिकाणीं जावें? हाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर आंजर्ल्यास मिळतें. तेथील कड्यावरच्या गणपतीस गांवांतून पाखाडीनें चढून जातां येतें, आणि दुसऱ्या बाजूनें मोटारीनेंही जातां येतें. वर देवळाच्या प्रांगणांतून हर्णैचें बंदर व सुवर्णदुर्ग दिसतो. तरुणांनीं पहाटे पाखाडी चढावी. आजी-आजोबांनीं मोटारीनें यावें. सर्वांनीं उजव्या सोंडेच्या त्या गणपतीपुढें एकत्र बसावें. नंतर ज्याचे गुडघे चांगले आहेत अशा एखाद्या आजोबांनीं नातवाचा हात धरून पाखाडीच्या वरच्या दहावीस पायऱ्या उतरून पुन्हां वर यावें. कोणी मागें राहिलें नाहीं, कोणी ओढलें गेलें नाहीं. जेथें शेवट एक व वाटा अनेक, असें ठिकाण निवडणें हीच कुटुंबाच्या सहलीची गुरुकिल्ली आहे. गुहागरास देऊळ, गणपतिपुळ्यास डोंगर आणि मालगुंडास स्मारक, हेंच काम करतात.

तिन्ही इयत्तांस सामान्य अशा चार गोष्टी सांगून हें प्रकरण संपवितों. चालण्यास पहाटे निघावें व दहाच्या आंत सावलींत यावें. कोंकणच्या दमट हवेंत घाम फार जातो. दर माणशीं दर तासास अर्धा लिटर पाणी बरोबर असावें. कोणत्या वाटेनें जातों व केव्हां परततों, हें उतरलेल्या घरच्या यजमानास सांगून निघावें. आणि चौथी गोष्ट पावसाळ्याची. १ जून ते ३१ जुलै या काळांत पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीस सरकारी बंदी असते, आणि पुढेंही नारळी पौर्णिमेची पूजा झाल्यावांचून कोळी आपली होडी लोटीत नाहीं. ज्याचा जन्म समुद्रावर गेला तो जेव्हां होडी ओढून घेतो, तेव्हां आपण पाऊल पुढें टाकण्यांत पराक्रम नाहीं.

अधिकार वाढविण्याचा मार्ग

पहिल्या इयत्तेंत नांव आलें म्हणून कोणीं खिन्न होऊं नये. महर्षि धोंडो केशव कर्वे लहानपणीं प्रकृतीनें बलदंड म्हणून प्रसिद्ध नव्हते. तरी परीक्षेस बसण्यासाठीं ते मुरुडाहून साताऱ्यापर्यंत भर पावसांत पायीं गेले. वय कमी दिसतें म्हणून तेथें त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं, ही गोष्ट त्यांच्या चरित्राच्या वाचकांस परिचित आहे. त्या काळीं कोंकणांत चालणें हा छंद नव्हता, तो नित्याचा व्यवहार होता. शक्ति आली ती व्यवहारानें.

आपणही घरच्या घरीं तयारी करूं शकतों. सहलीस तीन महिने असतांना रोज वीस मिनिटें चालण्यास आरंभ करावा. पहिला महिना सपाटीवर, दुसऱ्या महिन्यांत अर्धा तास व त्यांत एखादा चढ किंवा जिना, तिसऱ्यांत आठवड्यांतून एकदां सलग दीड तास. हृदयाचा विकार किंवा अन्य आजार असल्यास आधीं वैद्यांचा सल्ला घ्यावा. ज्या आजीस आज गुहागरची पुळण अर्धीच झेपते, तिला पुढील वर्षीं ती पुरी झेपेल. लघुकौमुदी संपविणारा विद्यार्थी कौमुदीचा अधिकारी होतो तो वयानें नव्हे किंवा कुळानेंही नव्हे, पाठानें होतो. वाटेचा अधिकारही तसाच मिळतो.

तेव्हां पुढील सुटीचा बेत ठरवितांना खोली राखून ठेवण्यापूर्वीं घरांतील सर्वांस एकत्र बसवावें, वरील तीन प्रश्न प्रत्येकास विचारावे, आणि मग पंचांग उघडून तिथि पाहावी. पाऊणकी विसरली असल्यास आजोबांस विचारावी. त्यांस ती अद्यापि पाठ असेल, आणि सहलीचें पहिलें पाऊल त्यांच्यापासून पडलें याचा त्यांस आनंदही होईल.